दोन मांडव, एक चॅनेल

माझ्या पीएचडीचा विषय कुणाला सांगायचा नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. सांगितला की समोरचा एकच प्रश्न विचारतो: कुठला गेम? एका मावसभावाने तर माझ्याच घरात, माझाच चहा पीत विचारलं, की तू दिवसभर मोबाइलवर गोळ्या झाडत बसणार आणि वर तुला डॉक्टर म्हणायचं का. परळीजवळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, तिथल्या स्टाफरूममध्ये कुणी तेवढंही कुतूहल दाखवलेलं नाही. डॉक्टरेट मिळाल्यावर टाइमटेबलमधले तास कमी होतात का, एवढीच तिथे चौकशी.

विषय तसा अवघड नाही. हवेतून जाणाऱ्या रेडिओलहरींचे पट्टे असतात. चांगले रुंद पट्टे सरकार लिलाव करून मोबाइल कंपन्यांना देतं. थोडा भाग गायरानासारखा मोकळा ठेवतं. वायफाय, रिमोट, कॉर्डलेस माइक, सगळं बारकंसारकं तिथे चरतं. गायरानावर राखण्या नसतो. दोघे एकाच पट्ट्यात घुसले की दोघांचंही वाटोळं होतं, म्हणून प्रत्येकाने दुसरा काय करील याचा अदमास घेऊन आपली चाल ठरवायची. त्या चालींचं गणित म्हणजे गेम थिअरी. माणसं भांडण न करता एखादी गोष्ट वाटून घेऊ शकतात का, हे ते गणित तपासतं.

आमच्या जिल्ह्यात याचं प्रात्यक्षिक फुकट बघायला मिळतं. कारखान्याच्या हंगामात, दोन वेगवेगळ्या कारखान्यांना निघालेले उसाचे ट्रॅक्टर एखाद्या अरुंद पुलावर समोरासमोर येतात. पुस्तकाप्रमाणे दोघांनी मनाशी हिशेब करायचा, एकाने पुलाच्या अलीकडे थांबायचं, आणि दोघांनीही वेळेवर पोचायचं. प्रत्यक्षात दोघेही पुलावर शिरतात, मधोमध थांबतात, इंजिन बंद करतात आणि तंबाखू मळायला घेतात. मागे मैलभर रांग लागते. कुणी विचारलंच तर दोघांचं उत्तर एकच असतं: मीच कावून मागं घेऊ? आपला ऊस उन्हात वाळतोय याचं त्यांना वाईट वाटत नाही, समोरच्याचाही वाळतोय या समाधानात ते असतात. असला खेळाडू मला एकाही पुस्तकात सापडला नाही.

म्हणून मीच त्याच्यावर एक प्रकरण लिहिलं. समोरच्याच्या तोट्यात ज्याला आपला नफा दिसतो असा खेळाडू धरला, गणित मांडलं आणि विद्यापीठात गाइडकडे नेलं. आमचे गाइड म्हणजे मोठं प्रस्थ. एकदोन परिषदांना परदेशी जाऊन आल्यापासून ते बोलताना खांदे उडवतात. त्यांनी पानं चाळली आणि ते प्रकरण काढून टाकायला सांगितलं. खेळाडू शहाणा असतो हे गृहीतक आहे, म्हणाले, असली माणसं वास्तवात नसतात.

ज्या खोलीत बसून ते हे म्हणाले, तिच्या शेजारीच प्रयोगशाळा आहे. तिथे लहरी मोजायचं एक भारी यंत्र आहे, आमच्या गाइडचं आणि शेजारच्या केबिनमधल्या प्राध्यापकांचं सामाईक. कपाटाची किल्ली आमच्या गाइडच्या ड्रॉवरमध्ये असते आणि यंत्राची केबल त्या प्राध्यापकांच्या. किल्लीवाला केबल मागत नाही, केबलवाला किल्ली मागत नाही. यंत्रावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. स्पेक्ट्रम, म्हणजे तेच लहरींचे पट्टे, मिळूनमिसळून कसा वापरावा यावर दोघांचेही निबंध मात्र छापून आलेले आहेत.

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलाकडचे पाटोद्याकडचे. मुलगा बरा होता, अबोल. त्याची आई अबोल नव्हती. बैठकीत तिने माझ्या बहिणीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “आमच्यात सुना मोठ्यानं बोलत न्हाईत.” बैठकीतली सगळी पुरुषमंडळी यावर हसली, जणू काही फार मार्मिक बोलणं झालं. आमचे वडील, म्हणजे अण्णा, तेवढे हसले नाहीत. ते खाली बघत सुपारी चाचपत राहिले.

अण्णा गेवराई तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. त्यांचा आवाज शाळेच्या कुंपणाबाहेर टपरीवर बसलेल्या लोकांना कविता पाठ करून देईल इतका मोठा होता. माझ्या लग्नात तो आवाज शाबूत होता आणि अण्णा काहीच बोलले नव्हते. मुलीच्या बापाने हात जोडून उभं राहायचं आणि काही कमी पडलं तर पदरात घ्या म्हणायचं, तेवढं त्यांनी केलं. त्या लग्नाचं पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. मी परळीला एकटी राहते, यावरून काय ते समजावं. पुढे अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती एक खरखर, समोर बसलेल्यालाही कान देऊन ऐकावी लागेल अशी.

धाकटीच्या लग्नाला मात्र अण्णांनी स्वतः मंगलाष्टकं रचायची ठरवलं. हे एरवी मावश्या, आत्या करतात, चालीत बसो न बसो. अण्णांनी वृत्त मोजून, अक्षर न अक्षर घासून लिहिलं. शेवटच्या कडव्यासाठी त्यांनी फार दिवस घेतले. त्यात मुलीला सांगितलं होतं की तू लहानपणी ओसरीवरून मारलेली हाक विहिरीपर्यंत जायची, सासरी गेल्यावर तो आवाज बारीक करू नकोस. आणि सासरच्या वडीलधाऱ्यांना विनवलं होतं की लेक नेताय तर तिचा आवाजही सोबत न्या. मला वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, “बापाला लग्नात बोलायला दुसरी जागा कुठंय? एवढं त्यांच्या कानावर पडलं पाहिजे, सगळ्यांच्या देखत.”

चारचौघांत ऐकलेलं माणसाला नाकारता येत नाही, असा त्यांचा साधा विचार होता. मला तो पटला. माझ्या वेळी सुचला असता तर, असंही मनात आलं. अण्णांच्या खरखरीला माइक लागणार होता, तोही तोंडाजवळ राहणारा, कारण त्यांचे हात थरथरतात. डोक्याला लावायचा कॉर्डलेस माइक मिळतो. तो सांगून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कशाला शिकलीस इतकं, असं आई नेहमी विचारायची, तर यासाठी.

लग्न गेवराईच्या हायवेला. तिथे एकाच मालकाची दोन लॉन्स आहेत, मधे एक भिंत. मालकाने नकाशा एकदाच काढून घेतला आणि दुसऱ्या वेळी उलटा करून वापरला. त्यामुळे आमचं स्टेज उत्तरेच्या टोकाला आणि साउंडवाल्याचं टेबल दक्षिणेच्या, तर पलीकडे स्टेज दक्षिणेला आणि टेबल उत्तरेला. आमच्या टेबलाला सगळ्यात जवळचं स्टेज भिंतीपलीकडचं होतं, आणि त्यांच्या टेबलाला आमचं. कुणाचं यात काही बिघडत नव्हतं, जोवर दोन्हीकडे लग्न नव्हतं.

त्या दिवशी दोन्हीकडे लग्न होतं, मुहूर्तही एकच. आणि आमच्याकडे लग्न म्हटलं की नेता आलाच. नवऱ्यामुलाचा चुलता ठेकेदार, त्यामुळे आमच्या मांडवात आमच्या कॉलेजचे अध्यक्ष येणार होते. पलीकडे त्यांचे कट्टर विरोधक. दोघे पूर्वी एका ताटात जेवायचे, हे दोघांचेही कार्यकर्ते शिवी दिल्यासारखं सांगतात. लग्नात नेता आशीर्वादाचे दोन शब्द बोलतो. त्या दोन शब्दांत त्याने आणलेले रस्ते येतात, विरोधकाने अडवलेलं पाणी येतं, आणि अंतरपाटामागे उभी असलेली दोन पोरं उन्हाने घामाघूम होतात. मुहूर्त टळला तरी गुरुजी काही बोलत नाहीत. त्यांनाही याच जिल्ह्यात राहायचं असतं.

सकाळी आमच्या स्पीकरमधून पहिला आवाज आला तो पलीकडच्या निवेदकाचा. तो त्याच्या नेत्याला विकासपुरुष म्हणत होता. आमच्या मांडवातले कार्यकर्ते खुर्च्यांवरून उठले. मी साउंडवाल्याला गाठलं. साउंडवाला दोन्ही मांडवांना एकच. त्याने दोन सारखे संच घेतले होते आणि दोन्ही डब्यातून काढले तसेच पहिल्याच चॅनेलवर लावले होते. चॅनेल बदलायला एक बटण असतं, ते कधी दाबलंस का, असं विचारलं तर म्हणाला की कंपनीनं सेट करून दिलंय, त्याला हात लावायचा नसतो. इतक्या आत्मविश्वासाने म्हणाला की क्षणभर मलाच आपण अडाणी असल्यासारखं वाटलं.

हे कॉर्डलेस माइक एफएमवर चालतात आणि एफएमची एक खोड आहे. एका चॅनेलवर दोघे बोलले तर तो दोघांची खिचडी करत नाही. टेबलावरच्या रिसीव्हरला ज्याचा माइक जवळ त्याचं ऐकतो आणि दुसऱ्याला गिळून टाकतो. बोलणारा ओरडतोय की पुटपुटतोय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मी साउंडवाल्याला हे समजावलं. त्याने सगळं ऐकून मान डोलावली आणि सांगितलं की आमच्या साहेबांच्या, म्हणजे अध्यक्षांच्या, माणसांना विचारल्याशिवाय तो काही करणार नाही, उद्या त्याच्यावर आलं तर काय.

साहेबांची माणसं म्हणजे पांढऱ्या कपड्यांतले आणि गॉगल कपाळावर चढवलेले लोक. त्यांच्यातल्या मुख्याला मी सांगितलं की एकाने चॅनेल बदलला की दोघांचंही काम होतं, बटण दाबायचं आहे फक्त. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मॅडम, म्हणाला, तुमचं शिक्षण बरोबर हाय, पण आपण बदलला तर आपण हटलो असं व्हतं. मी म्हटलं, लग्न आमच्या मुलीचं आहे, हटायचा प्रश्न कुठे येतो. त्यावर तो म्हणाला, “त्यांनी बदलावा की. आमी कावून बदलायचा?”

मी भिंतीच्या टोकाला असलेल्या फाटकातून पलीकडे गेले. तिथेही तसेच पांढरे कपडे आणि तसेच गॉगल. उत्तरही शब्दाला शब्द तेच मिळालं. दोन्हीकडचे इतके एकसारखे होते की अदलाबदल केली असती तर त्यांच्या घरच्यांनाही चार दिवस पत्ता लागला नसता. परतताना मला माझं काढून टाकलेलं प्रकरण आठवलं. गाइडना तिथे आणून, त्या उन्हात, दोन्ही मांडवांच्या मधे उभं करावं असं फार वाटलं. खांदे उडवले असते का त्यांनी, कोण जाणे.

वायरचा माइक नाही का, असं कुणीही विचारील. मीही विचारलं. होता एक. तो जेवणाच्या मांडवात होता, पाहुण्यांनी बसून घ्यावे असं सांगायला. तो तिथून हलवायला आचाऱ्याच्या माणसाने साफ नकार दिला. शिवाय साहेबांच्या पायात वायर येते, म्हणून स्टेजवर वायर चालत नाही असा नियम होता. नियम कुणी केला ते कुणाला माहीत नव्हतं.

मग मी साउंडवाल्याशी वेगळं बोलले. कार्यकर्ते नाश्त्याला गेले होते. मी त्याला म्हटलं, कुणाला सांगू नकोस, आपलाच चॅनेल गुपचूप बदल, त्यांच्या नेत्याला नीट बोलता येईल आणि आपल्यालाही. त्याला ते पटलं असं नाही, पण त्याला माझी कटकट नको होती. मी शिकवलेलं बटण त्याने दाबलं आणि आमचा संच दुसऱ्या चॅनेलवर गेला. आमचा स्पीकर एकदम स्वच्छ झाला. अण्णांनी डोक्याला माइक लावून हळूच एक ओळ म्हटली आणि ती मागच्या खुर्च्यांपर्यंत गेली. एवढ्या महिन्यांनी त्यांनी स्वतःचा आवाज मोठा ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघून, इतक्या वर्षांच्या माझ्या त्या रुक्ष गणितावर माझा पहिल्यांदा जीव जडला.

हे सुख फार टिकलं नाही. साउंडवाला पलीकडच्या टेबलावर गेला आणि बढाई मारून आला, की इकडच्या मांडवाला नवा चॅनेल लावलाय. पलीकडच्यांची लाइन आता मोकळी होती. त्यांना काहीएक करायचं नव्हतं. जगातल्या कुठल्याही शहाण्या खेळाडूने गप्प बसून फायदा घेतला असता. पण पलीकडच्या मुख्याने विचार केला की त्यांनी घेतलाय म्हणजे तोच चांगला असणार, आणि मग त्यांच्याकडे चांगला आणि आपल्याकडे जुना का. त्याने साउंडवाल्याला दम दिला, “त्यांना लावला तोच आमाला पायजे. लई शहाणपणा करू नको बे.” साउंडवाल्याने निमूटपणे तोच लावून दिला. आता बटण त्याला माहीत झालं होतं.

मी डोक्याला हात लावून बसले. दोघेही एका खड्ड्यात होते, एक बाहेर निघाला, तर दुसरा त्याच्या मागोमाग जाऊन नव्या खड्ड्यात पडला. मी साउंडवाल्याला पुन्हा गाठायला गेले तर तो सापडेना, आणि टेबलापाशी परतलेले कार्यकर्ते मला संचाला हात लावू देईनात. तेवढ्यात वाजंत्री वाजायला लागली आणि नवरा मुलगा मांडवात आला.

मुहूर्ताला आमचे अध्यक्ष आलेले नव्हते. पलीकडचे नेते आले होते आणि बोलायला उभे राहिले होते. ते आम्हाला आमच्याच स्पीकरमधून कळत होतं. आमचे कार्यकर्ते फोनवर फोन करत होते आणि अध्यक्ष वाटेत आहेत असं सगळ्यांना सांगत होते. शेवटी नवऱ्यामुलाच्या आजोबांनी काठी आपटली आणि सुरू करा म्हणून गुरुजींना सांगितलं. त्या दिवसात मला आदर वाटला असा तो एकच माणूस. अंतरपाट धरला गेला. लोक हातात रंगवलेली ज्वारी घेऊन उभे राहिले. गुरुजींनी स्वतःच्या गळ्यावर दोन मंगलाष्टकं म्हटली, त्यांचा गळा गावजेवणाला पुरेल असा होता. मग त्यांनी अण्णांना खूण केली.

अण्णांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आमच्या स्पीकरमधून येत होतं ते एका बंधाऱ्याबद्दल, जो पलीकडच्या नेत्याने मंजूर करून आणला आणि ज्यात आमच्या अध्यक्षांनी आडवा पाय घातला. अण्णांना काही कळत नव्हतं. ऑपरेशननंतर त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, ते उभे होते तिथून आमचे स्पीकर नेमके त्याच बाजूला, आणि डोळे मिटलेले. त्यांना वाटत होतं आपला आवाज जातोय. नवऱ्यामुलाची आई पहिल्या रांगेत उभी होती आणि बंधाऱ्याचं भाषण ऐकून तोंड वाकडं करत होती. अण्णांचं दुसरं कडवं संपत आलं होतं. उरलं होतं ते एकच.

तेवढ्यात अध्यक्ष मांडवाच्या दारात आले. स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या माणसांसमोर, विरोधकाचा आवाज ऐकून ते जागीच थांबले. कार्यकर्त्यांची नुसती धांदल उडाली. एकाने शाल पुढे केली, दुसरा संचातला सुटा माइक घेऊन धावला, की साहेब, तुमी बोला, दाबून टाका त्याला. अध्यक्षांनी तो माइक हातात घेतला आणि घसा साफ केला. अंतरपाटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मला आलेला राग मी लिहून दाखवू शकत नाही. मी साउंडवाल्याच्या टेबलाखाली वाकले आणि पहिली जी जाड वायर हाताला लागली ती बोर्डातून उपटली.

आमचे सगळे स्पीकर बंद पडले. बंधारा मधेच तुटला. अध्यक्ष मेलेल्या माइकमध्ये बोलत राहिले, ते चार पावलांवरच्या माणसांनाही कळत नव्हतं. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला.

त्यांच्या टेबलाला आमचं स्टेज जवळ होतं, म्हणून त्यांचे स्पीकर मघापासून अण्णांनाच ऐकवत होते. पलीकडच्या नेत्याने मोठ्या सभेसाठी लावतात तसले भोंगे आणले होते, हायवेवर थांबलेल्या ट्रकवाल्यांनाही भाषण कळावं म्हणून. त्या भोंग्यांतून अण्णांची खरखर येत होती, प्रत्येक अक्षर सुटं. आमचा मांडव भिंतीकडे बघत होता. शेवटचं कडवं होतं ते. ओसरीवरची हाक, विहीर, बारीक करू नकोस. मग सासरच्या वडीलधाऱ्यांना विनवणी आली. अण्णांनी तिथे डोळे उघडले आणि नवऱ्यामुलाच्या आईकडे पाहून ती ओळ दुसऱ्यांदा म्हटली. ती दोन्ही मांडवांना आणि हायवेला ऐकू गेली. त्या बाईचं वाकडं तोंड सरळ झालं होतं. धाकटी अंतरपाटामागे रडत होती.

अण्णा सावधान म्हणाले आणि आमच्याकडे अक्षता पडल्या. भिंतीपलीकडेही पडल्या. तिकडचे लोक मघापासून नेत्याचे हातवारे बघत मंगलाष्टकं ऐकत उभे होते, त्यांनी सावधान ऐकलं आणि सवयीने ज्वारी उधळली, वाजंत्र्यांनी सवयीने वाजवलं, आणि तिकडच्या मुलाने गोंधळून हार घालून टाकला. तिकडचं लग्न अण्णांनी लावलं. त्यांचे नेते त्यानंतरही बराच वेळ बोलत होते, असं ऐकते.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी कॉलेजच्या मीटिंगमध्ये सांगितलं की विरोधकांनी माणसं घुसवून आपली वायर कापली. पलीकडचे सांगत फिरले की यांनी यंत्र लावून आमच्या साहेबांचा आवाज दाबला. दोघांनाही दुसऱ्याने आपलं नुकसान केलं यातच बरं वाटत होतं. खरं सांगून ते हिरावून घ्यावं असं मला वाटलं नाही. गाइडना मात्र मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी हसून विचारलं की यातला डेटा कुठे आहे. प्रकरण अजून बाहेरच आहे.

अण्णांना वायरीचं कुणी बोललं नाही. त्यांनी साउंडवाल्याला शाबासकी दिली, आणि त्याने ती घेतली.

धाकटी सासरी गेल्यावर तिचे फोन यायचे ते इतक्या हळू आवाजात, की आम्ही नुसते हो हो म्हणायचो. पाटोद्याकडे डोंगरात रेंजही नसते, असं मी अण्णांना समजावत असे. त्यांना ते खरं वाटत नव्हतं, मलाही नाही. एका दुपारी मी गेवराईला असताना तिचा फोन आला. स्पीकर चालू होता. ती काहीतरी पुटपुटत होती, अण्णा उजवा कान पुढे करून पुन्हा पुन्हा काय, काय विचारत होते. मागून तिच्या सासूचा आवाज आला, चिडका आणि अगदी स्पष्ट: “मोठ्यानं बोल की. तुझ्या बापानं भोंग्यावरून सांगितलंय अख्ख्या गेवराईला.”

ते टोमण्याच्याच सुरात होतं.  मग धाकटीने बोलायला सुरुवात केली, आणि अण्णांना फोन कानापासून लांब धरावा लागला.